फेतूची चटई

नाही, पण मी म्हणतो, चटईला पाय असतात का? नसतात ना? मग ती चालते कशी, सांगा मला! आमच्या मांगेरे उपनगरातल्या या भाड्याच्या घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा ठोकलेला, मऊ, केसाळ, मांजराच्या पाठीसारखा, आणि त्यावर फेतूची... फेतू म्हणजे माझी बायको... तिनं स्वतः विणून सामोआतून आणलेली केवड्याच्या पात्यांची चटई, बसून बसून काचेसारखी गुळगुळीत झालेली. मऊवर गुळगुळीत! थांबेल कशी? सकाळी कपाटापाशी अंथरा, संध्याकाळी बघा... चटई निघाली दाराकडे.

इतकी वर्षं हसण्यावारी नेलं हो. पण गेल्या आठवड्यात फेतूलाच शवपेटीतून घरी आणलं, तेव्हा काय हसणार? इस्पितळात माझा हात धरून म्हणाली होती, "मला माझ्याच चटईवर ठेवा, आणि लेमालूनं तोंड बघेपर्यंत हलवू नका." लेमालू आमचा मुलगा, ब्रिस्बेनला असतो, विमान दुपारी यायचं होतं. मी म्हटलं, नाही हलवणार. एवढंसं वचन! पण तुम्हाला सांगतो, माणूस स्वतःचं वचन देईल, चटईचं कुणी द्यायचं?

बुटक्या चौरंगावर उघडी पेटी ठेवली, चौरंग चटईवर, आणि माणसं यायला लागली. आमच्यात मयताला रिकाम्या हातानं कोणी येत नाही, चटया आणतात. आणलेली चटई कोपऱ्यात उभी करायची? केवढा अपमान! मग उचला पेटी, सारा चटई, ठेवा पेटी... गुळगुळीतवर गुळगुळीत, त्यावर आणखी गुळगुळीत! शिवाय बसलेल्या वडीलधाऱ्यांपुढून ताठ कोण जाणार? कमरेत वाकून, पाय घासत, "तुलोऊ, तुलोऊ"... म्हणजे माफी असावी, माफी असावी... असं पुटपुटत सरकायचं. एक माणूस सरकला की चटई बोटभर सरकली. आणि आलं होतं कोण? अख्खं चर्च!

माझी मुलगी पेनिना पळत जाऊन दुकानातून रबराची जाळी घेऊन आली. "बाबा, यावर लिहिलंय, अजिबात सरकणार नाही." अगं, कशावर सरकणार नाही? वाचलं तिनं पुढं. "लाकडी फरशीवर." आहे का आपल्याकडे लाकडी फरशी? गालिच्यावर त्या जाळीचा झाला गोळा, पेटी कलली, बायका किंचाळल्या. मग मेहुणा अपेलू चिकटपट्टी घेऊन पुढं आला. "दाजी, तुम्ही निवांत बसून रडा. हे माझ्यावर सोडा." सोडलं. पट्टी चिकटली गालिच्याच्या केसांना, केस आले उपटून, गालिच्याला हे एवढं टक्कल, घरमालक आता मला सोडतोय होय... आणि चटई? चटई निघाली दाराकडे!

शेवटी मी उभा राहिलो आणि विनवलं, "बाबांनो, ताठ चाला! पाय उचलून चाला!" झालं. पाद्रीबाबा माझ्याकडे बघतायत. फेतूची थोरली बहीण वाइओला म्हणते, "अरे देवा, दुःखानं डोकं फिरलं म्हाताऱ्याचं." आणि मला धीर द्यायला चौघंजण उठून आले... वाकून, पाय घासत!

मग वाइओलालाच सुचलं. "गावाकडं नाही रे सरकत. खाली खडे असतात, ते चटईला धरून ठेवतात." आता मी खडे कुठून आणू? "खडे नाहीत तर आम्ही आहोत की!" म्हणाली, आणि ती नि तिच्या तिघी बहिणी चार कोपऱ्यांवर बसल्या. बायका कसल्या, एकेक म्हणजे नांगर टाकलेलं जहाज! आणि तुम्हाला सांगतो, चटई थांबली! दोन दिवसांत मी तेव्हा पहिल्यांदा रडलो. तेवढ्यात पाद्रीबाबा म्हणाले, "चला, एक गीत म्हणू या." आता गायचं आणि डोलायचं नाही, हे आमच्याच्यानं होईल का? चारी जहाजं लागली डोलायला, खालच्या चटया लागल्या वाहायला, मी आपला पेटीला मिठी मारून मागं मागं रेटतोय...

आणि लेमालू आला. त्यानं दार ढकललं, ते अर्धंच उघडलं आणि पेटीला ठक्‌ करून टेकलं. लेमालू हा एवढा थोरला, फटीतून खांदासुद्धा आत येईना. "ओढा मागं!" सगळे ओढतायत, अपेलू ओढतोय, पाद्रीबाबासुद्धा ओढतायत. आता मात्र चटई हलेना! गालिच्याचे केस सगळे दाराकडे कललेले हो. जायला वाट होती, परत यायला नव्हती. इतकी वर्षं राहिलो त्या घरात, मला कळलंच नाही.

लेमालू बाहेर पायरीवर गुडघे टेकून बसला. फटीतून हात घालून आईच्या गालाला लावला. "राहू द्या बाबा," म्हणाला, "ओढू नका. मी आलो की दारात तीच यायची ना..."

आता सगळे गेले. चटया ज्याच्या त्याला वाटून टाकल्या, फेतूची तेवढी ठेवली. पेनिना म्हणते, "बाबा, गुंडाळून ठेवू या, घसरून पडाल." मी म्हटलं, नको गं, मी वजन ठेवतो. म्हणून दिवसभर वर बसून असतो. पण एकट्या म्हाताऱ्याचं वजन ते कितीसं? परवा कपाटाला टेकून बसलो होतो, आज फाटकावरची पत्रपेटी दिसायला लागलीय. चटई निघाली दाराकडे. निघू दे. पेनिनाला तेवढं सांगून ठेवलंय, दाराला कडी घालत जाऊ नकोस.