एकोणीस वेळा दाबलेल्या बटणाबाबत

नाव व पत्ता सोबतच्या ओळखपत्राप्रमाणे. वय २४ वर्षे. शिक्षण संगणकशास्त्राची पदवी. धंदा नोकरी. आई, वडील व धाकटी बहीण यांच्यासह लाकडाच्या वखारीमागील दोन खोल्यांत राहते. वडील घरे रंगवण्याचे काम करतात.

मी आज सकाळी ११ वाजता आपण होऊन पोलीस ठाण्यात आले असून, विचारल्यावरून समक्ष सांगते की,

मी दोन वर्षांपासून ज्या कंपनीत आहे ती दुसऱ्यांची अ‍ॅप सांभाळते. ही अ‍ॅप क्लाउडवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या दूरच्या संगणकांवर चालतात. ती बंद पडू न देणे आणि पडलीच तर पुन्हा उठवणे, हे आमचे काम. त्यांपैकी एक अ‍ॅप एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी आहे. त्यांच्या गळ्यात एक बटण असते. ते दाबले की निरोप येऊन रांगेत लागतो. अ‍ॅपचा दुसरा भाग तो रांगेतून उचलून मदत केंद्रात घंटी वाजवतो. केंद्रातल्या ताई त्या घरी फोन करतात, आणि कोणी उचलला नाही तर रुग्णवाहिका पाठवतात.

हा दुसरा भाग अधूनमधून अडकतो. त्यासाठी क्लाउड दर अर्ध्या मिनिटाला त्याची विचारपूस करतो. तीनदा उत्तर आले नाही, तर क्लाउड त्याला बंद करून पुन्हा चालू करतो आणि आमच्या फोनवर इशारा येतो. याला दोन मिनिटे लागतात.

चार महिन्यांपूर्वी हे इशारे फार येऊ लागले, दिवसाला तीस-चाळीस. बहुतेक खोटे असत. काम जास्त असल्यामुळे उत्तर उशिरा येई, एवढेच. पण महिन्याच्या अहवालात ते सगळे लाल दिसत. आमच्या टीमचे प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, ते मला म्हणाले, "अगं, त्याला काहीही विचारलं तरी 'ठीक आहे' म्हणायला शिकव. कटकट मिटेल." मी म्हणाले, "दादा, मग तो खरंच अडकला तर कळणार कसं?" ते म्हणाले, "तात्पुरतं करतोय गं. पुढच्या महिन्यात नीट करू. तू म्हणजे ना, परीक्षेला बसल्यासारखी काम करतेस." बाकीचे हसले. मी पण हसले.

तो बदल मी केला. एका ओळीचा होता.

त्यानंतर इशारे थांबले. सलग तीन अहवाल पूर्ण हिरवे गेले. व्यवस्थापक साहेबांनी सर्वांसमोर मला प्रशस्तिपत्र दिले. वडिलांनी ते दुकानातून फ्रेम करून आणले आणि स्वतः भिंतीला ठोकले. नीट विचारपूस पुन्हा बसवावी, असे मी दोनदा लेखी दिले होते. दोन्ही वेळा 'सध्या गरज नाही' असा शेरा मारून ते बंद केले गेले. तिसऱ्यांदा मी दिले नाही.

गेल्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी ९.४० वाजता दुसरा भाग अडकला. त्या दिवशी देखरेखीची पाळी माझी होती. मी १०, १२, २ आणि ४ वाजता स्क्रीन पाहिली व चारही वेळा 'सर्व हिरवे' अशी नोंद केली. दुपारी १.१५ च्या सुमारास केंद्रातल्या ताईंनी पासवर्ड बदलून घ्यायला फोन केला. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "आज एकही घंटी नाही बाई. सगळ्या आजी-आजोबांनी मिळून बरं राहायचं ठरवलेलं दिसतंय." मी म्हणाले, "चला, तेवढाच तुम्हाला आराम." पासवर्ड बदलून मी फोन ठेवला.

५.२० ला त्यांचा पुन्हा फोन आला. या वेळी त्या हसत नव्हत्या. "अगं, असं कधीच होत नाही. जरा आत बघ ना." मी रांग उघडून पाहिली. रांगेत त्रेसष्ट निरोप होते. मी दुसरा भाग बंद करून चालू केला. दोन मिनिटांत सगळ्या घंट्या एकदम वाजल्या. फोनवर मला त्या ऐकू येत होत्या.

त्रेसष्टपैकी एकोणीस निरोप एकाच घरातून होते. तिथे राहणाऱ्या बाई निवृत्त परिचारिका, वय ७६. न्हाणीघरात पाय घसरून पडल्या होत्या. खुब्याचे हाड मोडले होते. रुग्णवाहिका ५.५८ ला पोचली. बाई चौथ्या दिवशी रुग्णालयात वारल्या. तक्रार देणाऱ्या त्यांच्या कन्या आहेत. त्यांना मी भेटलेली नाही.

त्या मंगळवारनंतरच्या आठवड्यात, बुधवारी, व्यवस्थापक साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावले. दादाही होते. आमच्याकडे प्रत्येक निरोपाची नोंद तीस दिवस राहते. साहेब म्हणाले, "बेटा, ती मुदत सात दिवस करून टाक. जागा उगाच अडते." सात दिवस आदल्या दिवशीच उलटून गेले होते. मुदत बदलली असती, तर त्या मंगळवारच्या नोंदी आपोआप पुसल्या गेल्या असत्या. मी त्यांच्याकडून हे लेखी मागितले. त्यांनी दिले नाही, आणि मी मुदत बदलली नाही. बाहेर आल्यावर दादा म्हणाले, "तुला काय वाटतं, त्या नोंदी आम्हाला नडतील? त्या एका ओळीच्या बदलापुढे नाव कोणाचं आहे ते एकदा बघून ये." मी पाहून आले. नाव माझे आहे. सांगितले कोणी, ते तिथे लिहिलेले नसते. नोंदींची एक प्रत मी त्याच दुपारी काढून घेतली.

परवा कंपनीच्या वकिलांनी मला एक टाइप केलेला कागद दिला. पोलिसांनी विचारल्यास असे सांगावे, असे त्यावर होते. त्यात क्लाउडवाल्यांच्या बाजूने अचानक बिघाड झाल्याचे लिहिले आहे. कागदात माझे नाव कुठेही नाही. दादांचेही नाही. तो कागद मी सोबत जमा करत आहे.

घरी मी सगळे सांगितले. आई म्हणाली, "एवढी शिकलेली माणसं, त्यांनी विचार करूनच लिहून दिलं असेल ना? तेच म्हण आणि मोकळी हो. बहिणीचं शिक्षण व्हायचंय अजून." वडिलांनी विचारले, "त्या बाई किती वेळ पडून होत्या?" मी सांगितले. ते उठले, फ्रेम भिंतीवरून काढली आणि कपाटावर उपडी ठेवली. आज ते कामावर न जाता माझ्यासोबत आले आहेत. बाहेर बाकावर बसले आहेत.

जबाब लिहून घेणाऱ्या साहेबांनी मला विचारले की, थोडक्यात तांत्रिक बिघाड, असे लिहायचे का. मी नाही म्हणाले. अडकणे नेहमीचेच असते. त्यासाठीच विचारपूस असते. ती सांगितल्यावरून मी बंद केली. साहेब म्हणाले, "हे लिहिलं तर तुम्ही साक्षीदार राहणार नाही, आरोपी व्हाल. कळतंय ना?" मी म्हणाले, कळते. लिहा.

एकोणीस निरोपांच्या वेळांचा कागद जबाबाला जोडला आहे. त्याच्या प्रत्येक पानावर माझी सही आहे.

वरील जबाब मला वाचून दाखवला. जोडलेला कागद वाचण्याची पद्धत नाही, असे साहेब म्हणाले. माझ्या विनंतीवरून त्यांनी तोही वाचला. १०.१२, १०.१२, १०.१३, १०.१५, असा एकेक आकडा करत. अकराव्या आणि बाराव्या निरोपात सत्तेचाळीस मिनिटांचे अंतर आहे. तिथे ते थांबले आणि म्हणाले, "डोळा लागला असेल का?" मी म्हणाले, माहीत नाही. मग त्यांनी पुढचे वाचले. शेवटचा निरोप ३.३१ चा आहे.

वाचलेले सर्व मी सांगितल्याप्रमाणे आहे व खरे आहे.