फौजदाराच्या गळ्यातला पिस्टन

देवाशप्पत सांगतो, ह्यातलं एक अक्षर खोटं न्हाय... म्हंजे एखादी गोष्ट पदरची घातली आसंल, पण ती कुठली ते तुमाला कळायचं न्हाय, कारण जी तुमाला खोटी वाटंल तीच खरी हाय. मोरगावचा माणूस मी, दारात गणपती बसलाय, त्याच्यासमोर थाप मारून जाणार कुठं?

तर मला आधी एक सांगा, पिस्टन जातो कुठं? न्हाय, खरंच इचारतोय. मोटारसायकल मोडीत निघती, पत्रा वितळतो, टायरीच्या चपला होत्यात, पण पिस्टन? ह्याचा इचार तुमी कधी केलाय का? मीबी केला न्हवता. त्र्याण्णव साली करावा लागला.

माझी जावा मोटारसायकल होती, चुलत्यानं बासष्ट साली घेतलेली आन् मी पळवून पळवून म्हातारी केलेली. ती एक दिवस रस्त्यात खाट्कन थांबली. ढकलत घरी आणली, इंजिन उघडलं, तर पिस्टनला भोक. उघडलं कुठं, तर स्वयंपाकघरात, कारण आमच्या घरात तेवढीच फरशी सपाट हाय. आन् धुतलं कशात? हितं चुकलं बघा. कौसल्येची, म्हंजे मंडळींची, पीठ मळायची परात दिसली, तिच्यात रॉकेल ओतलं, समदं इंजिन तिच्यात भिजत घातलं. कौसल्येनं बघितलं. पिशवी भरली, उंबऱ्यात उभी राहिली आन् म्हणाली, "मी बावड्याला चालले, माहेरी, आबांकडं. लगीन लागल्यावर ह्याच गाडीवर बसवून आणली होती न्हवं? मग न्यायला यायाचं तर ह्याच गाडीवर बसून या. एस.टी.नं आलात तर त्याच एस.टी.नं माघारी जायाचं."

आता सांगा, हे भांडण म्हणायचं का माया?

गेलो बारामतीला. दुकानदारानं माझ्याकडं आसं बघितलं, जसा काय मी तोफेचा गोळा मागतोय. "ह्या गाडीचं सामान आता येत न्हाय. दुसरी गाडी घ्या." अरे बाबा, गाडी दुसरी चालत आसती तर बायको बावड्याला कशाला बसली आसती? मग डेपोच्या मागं संभाजी मिस्त्री हाय, त्याच्याकडं गेलो. तो म्हणाला, "दादासो, नव्याचा नाद सोडा. ह्या भागात आशीच एक गाडी होती, जनावरांच्या डॉक्टरची. भंगारात गेली. तिचा पिस्टन हुडका."

भंगारवाल्याला समदं पाठ. "टाकी एकानं कोंबड्यांना पाणी पाजायला नेली. पुढचं चाक विहिरीवर हाय, रहाटाला. हँडल एकाच्या दाराला हाय, कडी म्हणून." आन् पिस्टन? "रसवंतीवाल्यानं नेला." कशाला? "ते आपण इचारत न्हाय."

रसवंतीवाला म्हणाला, "होता की! बर्फ फोडायला झ्याक होता. पण मेंढरंवाला बिरू रस प्यायला आला, त्यानं तो टेबलावर आपटून आवाज ऐकला, आन् तांब्याभर दूध देऊन घेऊन गेला."

आवाज ऐकला? पिस्टनचा? खरं सांगतो, तवापास्नं बायको राहिली बाजूला आन् मला पिस्टनचीच ओढ लागली. मेंढरंवाल्याला पिस्टन कशाला, आँ? पिस्टन जातो तरी कुठं कुठं?

बिरूला हुडकत माळावर गेलो, तर लांबनं आवाज आला. टुक्... टण्. टुक्... टण्. बघतो तर कळपाच्या पुढं एक एडका, शिंगं पिळदार, नजर आशी की आता लायसन मागतोय. नाव फौजदार. आन् त्याच्या गळ्यात पिस्टन! उलटा टांगलेला, पिनेच्या भोकातनं दोरी ओवलेली, आत लोखंडी बोल्ट लोंबतोय. घंटाच की.

बिरूला म्हणालो, "बिरू, हा मला पायजे."

"न्या की. पण मेंढरं कोण हलवणार? ती फौजदाराच्या मागं न्हाय चालत, ह्या आवाजाच्या मागं चालत्यात."

मी पितळी घंटा आणली. ती गळ्यात घालून फौजदार निघाला, मागं एक मेंढरू हललं न्हाय. मग स्टीलचा तांब्या बांधला. तर फौजदारच लाजला आन् खाली बसला. तो बसला म्हणून कळप बसला, आन् बसला कुठं, तर डांबरी रस्त्यावर मधोमध. एस.टी. थांबली. कंडक्टर उतरला, कळपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, म्हणाला, "ओ पाव्हणं, ह्यांना उठवू का तिकिटं फाडू?"

शेवटी बिरूनंच डोकं चालवलं. "मला तरी बावड्याकडंच जायाचंय. तिकडं ऊस तुटून रानं मोकळी झाल्यात. पिस्टन तुमच्या इंजिनात घाला आन् तुमी पुढं चला. आवाज गाडीत, मेंढरं मागं."

बिरूनं कळप मोरगावला माझ्या दारात आणला, मी संभाजीला बोलावून आणलं. त्यानं पिस्टन फिरवून फिरवून बघितला. "आतनं पोचे आल्यात. बसायला बसंल. चालंल का, ते फौजदाराला इचारा."

आन् सांगतो, पहिल्या किकला गाडी चालू! टुक् टण् टुक् टण्... फौजदारानं कान टवकारले, कळप उठला, आन् मी पुढं, मेंढरं मागं. मेंढराच्या चालीनं गाडी चालवायची म्हंजे काय, क्लच धरून धरून बोटं वाकडी. बारामतीच्या मार्केट यार्डापुढनं गेलो, रानात मुक्काम करत इंदापूर गाठलं. तितं एकानं इचारलं, "काय हो, एवढी मंडळी निघाली, ह्यांच्यात पुढारी कोण?" मी फौजदाराकडं बोट दाखवलं.

बावड्याला सासरे, आबाजी, ओट्यावर बसलेले. त्यांनी जावई बघितलाच न्हाय, मेंढरं बघितली. बिरूला म्हणाले, "चार रोज आमच्या रानात बसवा, लेंडीखत होईल. जवारी देतो." मग माझ्याकडं वळून, "पाव्हणं, पहिल्यांदाच कायतरी कामाचं आणलंत."

आता तुमी म्हणणार, मोटारसायकलीमागं मेंढरं? शुद्ध थाप. न्हाय हो. मेंढरं खरी, फौजदार खरा, गळ्यातला पिस्टन खरा, कंडक्टर तर आजून मला बघून हसतो. थाप एकच... गाडी चालू झाली न्हवती. संभाजीनं किका मारून चप्पल तोडली, गाडी नुसती शिंकलीबी न्हाय. मग बिरूनं सामान वाहायचं तट्टू दोरानं पुढं जुंपलं, गाडी गिअरात टाकली. चाक फिरलं की पिस्टन आत खालीवर, टुक् टण्, आन् मेंढरं मागं.

कौसल्या दारात आली. तट्टू बघितलं, दोर बघितला, मग मला बघितलं.

"गाडीवर बसून आलात न्हवं?"

"व्हय."

"मग चला. शब्द म्हंजे शब्द."

पिस्टन जातो कुठं? बिरूनं त्याच दिवशी काढून परत फौजदाराला बांधला, आन् माघारी जायला मला तट्टू दिलं. कौसल्येनं पदर खोचला आन् गाडीकडं न बघता तट्टावर बसली. मी मागं, दोराच्या टोकाला, गाडीवर. बावडा ते मोरगाव. हँडल माझ्याच हातात होतं हां... लगाम तिच्या.