मालकीण हजर

बेळगावहून कंग्राळीला निघालेल्या बसमध्ये आक्काताईंनी शेजारच्या सीटवर वेताची झाकलेली बुट्टी ठेवली आणि कंडक्टर येऊन उभा राहिला. मागच्या सीटवरच्या, कॉलेजहून परतणाऱ्या तेजस्वीनं त्यांचं बोलणं ऐकायला कानातले हेडफोन काढले.

"आक्का, बुट्टी खाली ठेवा. सीट माणसांसाठी हाय," कंडक्टर म्हणाला.

"देवी हाय रं. गावच्या लक्ष्मीआईचा मुखवटा."

"मग तिकीट काढा तिचं."

"कर्नाटकात बायकांना बस फुकट हाय न्हवं?"

"आधार कार्ड लागतंय."

"ही सरकारी नोटीस बघ. लक्ष्मीदेवी, राहणार कंग्राळी."

"देवीला नोटीस?"

"रस्त्याला जमीन घेणार हुते. जमीन तिच्या नावावर, कसतो आमी. मालकीण आल्याबिगर हरकत ऐकणार न्हाय म्हणाले, म्हणून हिलाच कचेरीत घिऊन गेलतो."

"मग?"

"साहेब खुर्चीतनं उठले, बूट काढले, हात जोडले. कागदावर 'मालकीण हजर' लिवलं आणि हरकत मान्य केली. रस्ता पडीक रानातनं जाणार. आमचं पोटापाण्याचं शेत वाचलं रं! लई देवमाणूस. त्येच्या लेकराबाळांचं भलं हुदे."

कंडक्टरनं शून्य रुपयांचं तिकीट फाडून बुट्टीवर ठेवलं, आणि तो तिथंच घुटमळला.

"आक्का, हिंडलग्याचं माझं घर बी रस्त्यात जातंय. गुरुवारी सुनावणी हाय. लक्ष्मीआई मोकळी हाय का?"

"येतीया की. खिडकीची सीट तेवढी धर."