डालग्याखालचा कोंबडा

मंडळी, ऐका! माईकवाले, त्या भोंग्याची शिट्टी बंद करता का? मी बोलू, का त्यालाच बोलू द्यायचं? — हां. झालं.

आज मला तुम्हाला एकच विचारायचंय. दुसऱ्याला मिळू नये म्हणून माणूस जे झाकून ठेवतो, ते त्याला स्वतःला तरी मिळतं का? बोला! नुसत्या माना हलवू नका. माना भजनातही हलतात आणि डुलकीतही हलतात, मला इथून फरक कळत नाही.

ह्याचं उत्तर शास्त्रात आहे. पण शास्त्र उघडलं की मागची रांग तंबाखू मळायला उठते, हे बावीस वर्षांत मला पाठ झालंय. म्हणून आज कोंबड्यांचं आख्यान लावतो. — अहो माळकरी बाबा, नाक मुरडू नका! खायच्या कोंबडीचं सांगत नाही, पाळायच्या कोंबडीचं सांगतोय. बसा.

एक वाडी होती. नाव नाही सांगणार, सांगितलं तर पुढच्या साली तिथला नारळ गेला माझा! त्या वाडीत दोन भाऊ, दोन जावा. थोरली सोजर, धाकटी मथुरा. वाटणी झाली आणि अंगणाच्या मधोमध भिंत आली. भिंत केवढी? कमरेएवढी! तेवढीच माती पुरली. दोघींना दोन्हीकडून उभं राहून भांडायला अगदी सोयीची.

सोजरचा सगळा जीव कोंबड्यांत. सकाळी खुराड्याची फळी काढायची, एकेक कोंबडी हातात उचलायची आणि नुसत्या वजनावरून सांगायची, ‘ही आज देणार, ही उद्या.’ आणि तिचा कोंबडा! तांबडा भडक, शेपटीला हिरवी झाक, चालायचा असा की पाटलानं बाजूला व्हावं. मथुराचा कोंबडा मागच्या साली मुंगसानं नेला होता. म्हणजे दोन्ही अंगणांत मिळून नर काय तो हा एकटाच.

झालं काय, मथुराची कोंबडी एके दिवशी अकरा पिल्लं घेऊन अंगणात आली. त्यात सात तांबडी! सोजर भांडी घासत होती, ती तशीच राखेच्या हातानं भिंतीशी आली.

“मथे! ह्यातली निम्मी माझी.”

“का वो आक्का? कोंबडी माझी, अंडी माझी, दाणा माझा!”

“आन् कोंबडा कुणाचा? ज्याचा कोंबडा त्याची पिल्लं!”

“मी काय अक्षता धाडल्या व्हत्या त्याला? आपल्या पायानं येतोय मेला!”

हसताय? हसा! दोन बायका आठ दिवस ह्याच्यावर भांडल्या, आणि त्यांचे नवरे ओट्यावर बसून ऐकत होते. सोडवायला एक गेला नाही. कसा जाणार? कोणत्या तोंडानं जाणार? पंचांनी काय, कोंबड्याला बोलावून जबानी घ्यायची?

नवव्या दिवशी सोजरनं काय केलं — बांबूचं ते मोठं डालगं असतं ना, पिल्लं झाकायचं, ते आणलं आणि कोंबडा खाली कोंडला! वर पाटा ठेवला. म्हणाली, “आता कसा जातोय बघते.”

आता इथून पुढं, मंडळी, माझा संताप होतो. हे आख्यान मी किती वेळा सांगितलंय, पण इथं आलं की दर वेळेला होतो! अगं बाई, कोंबडा कोंडलास, पण तुझ्या कोंबड्या? त्या मथुराच्या उकिरड्यावर! दिवस उगवला की भिंतीवरून पलीकडं, ते दिवस मावळला की परत. तिकडं किडे, तिकडं शेण, तिकडं सावली. कोंबड्यांना काय सातबारा वाचता येतो? भिंत माणसांची!

सोजरचा बेत होता, की दुपारी घटकाभर कोंबडा आपल्या कोंबड्यांत सोडायचा. पायाला दोरी बांधून! पण तिनं डालगं उचलून चार दाणे फेकले, की आपल्या कोंबड्यांच्या आधी मथुराच्या कोंबड्या हजर. झालं! टाक परत डालगं, ठेव वर पाटा. असं रोज. रोज! बाईचं दळण राहिलं, निवडण राहिलं, भाकरी करपली. बसलीय काठी घेऊन कोंबड्याच्या शीलाची राखण करत! तिचा नवरा तात्याबा, गरीब माणूस, एकदा भीत भीत म्हणाला, “अगं, त्याला सोड की. त्याचं जाऊ दे, तू तरी मोकळी हो.” त्यावर सोजर जे बोलली ते ह्या गादीवरून मला सांगता येत नाही.

अशात तिची लेक माहेरी आली. मंदा. वर्षापूर्वी लग्न झालेलं. पोर मोठ्या तापातून उठली होती, अंगावर मांस नाही. महिनाभरासाठी तिला आणली. चार दिवस गेले, आणि एके सकाळी कोंबड्यांना दाणे टाकता टाकता मंदा सहज बोलल्यासारखी बोलली.

“आये, ताप चढला तवा तीन दिवस पडून व्हते मी. मामंजी गावाला गेलेले. सासूबाई म्हणाल्या, ते आल्याबिगर दवाखान्याचं कसं करायचं? माझ्या हातात एष्टीचं भाडंसुदिक नव्हतं गं. माझ्या नावच्या चार कोंबड्या असत्या, तर अंडी विकून माझी मी गेले असते.”

सोजरच्या हातातलं सूप खाली आलं. आई होती हो ती! वाकडी होती, पण आई होती. म्हणाली, “जाताना तुला पिल्लांसकट कोंबडी देते. पाटीत घालून देते. कुणाच्या बापाची न्हाई, तुझी! कुणी हात लावला तर मला निरोप धाड.”

आणि लागली कामाला. तिची कबरी कोंबडी खुडूक झालीच होती, म्हणजे अंड्यांवर बसायला टेकलेलीच. पाटीत तूस घातलं, वर मऊ चिंधी. तेरा अंडी निवडली, एकेकावर कोळशानं खूण केली, विजेच्या कडकडाटानं बिघडू नयेत म्हणून लोखंडी खिळा ठेवला, आणि पडवीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात कबरी बसवली. एकविसाव्या दिवशी पिल्लं. तेविसाव्या दिवसानंतर जावई न्यायला येणार. हिशेब चोख.

सगळं केलं बाईनं! खिळा ठेवला, खूण केली, सगळं! आणि मंडळी, तो कोंबडा कुठं होता? — बोला की मोठ्यानं! — डालग्याखाली! सव्वा महिना झाला होता डालग्याखाली! अंड्यात जीव काय खिळ्यानं येतो?

वाडीतल्या शेंबड्या पोराला कळत होतं. सोजरला का कळलं नाही? चाळीस वर्षं कोंबड्या पाळलेली बाई! अहो, हट्ट डोक्यात बसला की माहीत असलेलंही माहीत नसतं. तुमचं होत नाही असं? माझं होतं.

एकविसावा दिवस गेला. काही नाही. बाविसावा गेला. कबरी बिचारी बसून बसून हाडाची काडी झाली. तेविसाव्या दिवशी सोजरनं परातीत कोमट पाणी घेतलं आणि अंडी सोडली. आत पिल्लू असेल तर अंडं पाण्यात हलतं, डुचमळतं. बघतेय, बघतेय. एक हलेल तर शपथ! शेवटी एक फोडलं. आत नुसतं पाणी.

मग काय! वीज कडाडली म्हणून झालं. मथीची नजर लागली म्हणून झालं. कबरीच अवदसा, तिला नीट बसताच येत नाही! तात्याबा हळूच म्हणाला, “सोजर, कोंबडा कोंडलाय आपण.” आपण म्हणाला बघा, गरीब माणूस! सोजरनं परातीतली बारा अंडी पुसली, परत कबरीखाली सारली, आणि चुलीपुढं जाऊन बसली. पोरीला दिलेला शब्द गेला होता, आणि तो कुणी घालवला हे आता तिला कळलं होतं. मंदा जवळ येऊन म्हणाली, “असू दे गं आये, पुढच्या खेपेला.” त्या ‘असू दे’नं बाई रडली. शिव्यांनी नसती रडली.

संध्याकाळी सोजर पिठाच्या गिरणीत गेली. परत आली, भाकरी केल्या, कोपऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सकाळी जावई दारात. आणि कोपऱ्यातनं आवाज — चिवचिव, चिवचिव!

सोजर धावली! कबरीचे पंख फुगलेले, आणि त्याखालून एक डोकं बाहेर, दुसरं बाहेर, तिसरं. सात पिल्लं! “मंदे! अगं निघाली! मी म्हणलं नव्हतं? माझा हात कधी फुकट जायचा न्हाई!” कबरीला उचललं, आणि तिथंच थांबली.

पाटीत टरफल एक नाही. आणि कोळशाच्या खुणेची अंडी? बाराच्या बारा, शाबूत!

एक पिल्लू हातात घेतलं. मान उघडी, पिसंच नाहीत. दुसऱ्याचीही तशीच. असली उघड्या मानेची जात त्या वाडीत नव्हतीच कुणाकडं. ती होती मथुराच्या माहेरी, तिच्या भावाकडं. कोंबडा बंद झाल्यावर मथुरा गपचूप भावाकडून पदरात बांधून अंडी घेऊन आली होती, आणि तिच्या कोंबडीखाली ती काल फुटली होती. सोजर गिरणीत होती तेवढ्यात मंदानं दार उघडलं, मथुरानं पिल्लं कबरीखाली सारली. अंधारात सारली की कोंबडी आपलीच समजते. कोंबडी समजते हो! माणसाचं अवघड आहे.

सोजरला आनंद व्हावा की नाही? नाही! संताप! उपकार घ्यायचे, आणि तेही मथीचे! पदरात पिल्लं घेऊन भिंतीशी गेली.

“मथे! भाईर ये! ही तुझी पिल्लं उचल!”

मथुरा आली. तीही काही गोड बाई नव्हती, पदर खोचूनच आली. “माझी कशानं?”

“माझ्या डोळ्यांत धूळ टाकती व्हय? तुझ्याच कोंबडीची हायेत!”

“कोंबडीला कोण इचारतंय?” मथुरा म्हणाली. “ज्याचा कोंबडा त्याची पिल्लं, तुमीच म्हणला व्हता. आठ दिवस म्हणला व्हता! कोंबडा माझ्या भावाचा, म्हंजी पिल्लं माझ्या भावाची. आन् माझा भाऊ मंदीचा मामा लागतोय. मामानं भाचीला दिलीत. तुमचा काय संबंध? गुमान पाटी बांधा, एष्टी जाईल तिची.”

आणि आत निघून गेली!

 सोजरचाच न्याय, सोजरच्याच पदरात! भिंत कमरेएवढी होती, पण त्या दिवशी तिला वर बघवेना.

तिनं पाटी बांधली. कबरी, सात पिल्लं, वर ओला फडका. लेकीला एष्टीत बसवून आली. आणि आल्या पावली डालग्यापाशी गेली, पाटा ढकलला, डालगं उचललं. “जा,” म्हणाली.

कोंबडा हलला नाही.

“अरे जा की!” दोरी सोडली. टाळ्या वाजवल्या. तो बसलेला! डालगं गेलं तरी डालग्याएवढ्या जागेत बसलेला. दोन महिने ज्याला जाऊ नको म्हणून काठी घेऊन बसली, त्याला आता जा म्हणून विनवतेय बाई. रडतेय आणि विनवतेय! शेवटी दोन्ही हातांत उचलला, भिंतीपाशी नेला, आणि स्वतःच्या हातानं पलीकडं ठेवला. म्हणाली, “मथे, ह्याला जरा दाणे टाक गं. माझ्याकडं खाईना झालाय.”

मथुरानं टाकले.

संपलं आख्यान. — थांबा, उठू नका! प्रसाद पळून जात नाही. त्यांचं संपलं, तुमचं राहिलंय.

आज तुमच्या गावात शिरताना वेशीजवळ एक हापसा बघितला. दांड्याला साखळी, साखळीला कुलूप. आणि दोन आयाबाया डोक्यावर हंडे घेऊन ओढ्याकडं निघालेल्या. कुणाचा हापसा, काय भांडण, मला ठाऊक नाही, आणि मला नकोच सांगायला. फक्त एवढं सांगतो: हापसा चालवला नाही की आतलं चामडं वाळतं. मग कुलूप काढलं तरी पाणी चढत नाही. दुसऱ्याला नाही, आणि कुलूपवाल्यालाही नाही!

आता देवाचं नाव घेऊ, आणि टाळी दोन्ही हातांनी वाजवू. मघापासून एक गृहस्थ एक हात कमरेच्या किल्लीवर ठेवून बसलेत, मला इथून दिसतंय. अहो, कमरेवर हात ठेवून उभं राहणं त्या एका विठ्ठलालाच शोभतं. तुम्ही हात मोकळे करा.