उजव्या हाताची नखं

ब्राझीलमधल्या रेसिफेच्या दवाखान्यात, बाकावर माझ्या शेजारी दोघी बोलत होत्या.

"जुरेमा, लकव्यानंतर तुझ्या वाल्देमिरोचा डावा हात हलतोय का गं?"

"कुठला! आणि आज नर्सनं उजव्याची नखं कापली."

"वाढतील की."

"अगं, त्या नखांवर त्याची गिटार बोलायची! ती तुटू नयेत म्हणून चाळीस वर्षं त्याला एक ताट विसळू दिलं नाही मी."

"पॅरिस गाजवून आला, पण घरात नवाबच! जाऊ दे, नर्सला काय कळतंय त्यातलं?"

"तेच ओरडले मी तिच्यावर. म्हटलं, विचारायचं तरी!"

"मग?"

"म्हणाली, आधी दोनदा नखं कापायला गेले तर मूठ आवळून घेतली त्यांनी. आज त्यांनीच हात पुढे केला."