आसामच्या वाटीतले शेंगदाणे

इंदिराबाई : आणि हत्ती? हत्तींचा हरभरा टाकला का?

नीरा : आई, गुवाहाटी शहर आहे. आपल्या कारेलीबागेसारख्याच सोसायट्या आहेत तिथे.

इंदिराबाई : हत्तीला सोसायटी कळते का? टाक हरभरा.

गुणवंत : टाक गं. आईशी हत्तीवरून कोण वाद घालणार?

(शनिवारची दुपार. जेवणाच्या टेबलावर दोन वाट्या. आसामला जाण्याचा एक फायदा म्हणजे पहिलीत एक खारा शेंगदाणा, एक तोटा म्हणजे दुसरीत एक कच्चा हरभरा. टेबलाशी नीरा, तिचा नवरा आणि सासूबाई.)

नीरा : पाच वाजेपर्यंत कंपनीला हो की नाही कळवायचंय आणि आपण अजून हत्तीपाशीच. बारा वर्षं वाघोडियाच्या त्या लॅबमध्ये राबतेय. रिपोर्ट माझे, खाली सही दुसऱ्याची. तिथे लॅबची हेड मी असणार आहे. मला जायचंय.

गुणवंत : त्याचा शेंगदाणा टाकला ना? पहिलाच टाकला.

नीरा : एकच?

इंदिराबाई : एका मुद्द्याला एक दाणा. या घरात पहिल्यापासून असंच ठरतं सगळं. तुझ्या सासऱ्यांनी फ्रीजचंही असंच ठरवलं होतं.

गुणवंत : आणि हरभरे जास्त झाले म्हणून घेतलाच नाही. चार वर्षं माठातलं पाणी प्यायलो आपण.

इंदिराबाई : घसा बसला का कधी?

नीरा : पुढचा मुद्दा. तिथे उन्हाळ्यात पहाटे साडेचारला उजाडतं.

गुणवंत : हरभरा! दोन टाक!

इंदिराबाई : शेंगदाणा. मी रोज साडेचारला उठून अंधारात बसलेली असते. तिथला सूर्य तरी माझ्याबरोबर उठेल.

गुणवंत : बरं, नवरात्र. इथल्यासारखा गरबा तिथे कुठे? हरभरा.

नीरा : गेल्या वर्षी तू पास काढलास आणि पार्किंगमध्ये सेव-उसळ खात बसलास.

गुणवंत : पण पास गळ्यात होता ना? आणि उत्तरायण? गच्चीवरचे पतंग? त्याचा एक हरभरा, उंधियूचा वेगळा.

नीरा : तिथे दारूबंदी नाही.

इंदिराबाई : हरभरा.

नीरा : गुणवंत?

गुणवंत : मी... आईशी सहमत आहे.

नीरा : एवढा वेळ का लागला?

गुणवंत : तोंडात घास होता.

इंदिराबाई : कसला घास?

नीरा : थांबा. मोजते. हरभरे अकरा. शेंगदाणे... तीन? मी स्वतःच्या हातानं नऊ टाकलेत! हवा, नदी, कंपनीचं क्वार्टर...

इंदिराबाई : गुण्या, तोंड उघड.

गुणवंत : अगं, विचार करताना हात आपोआप जातो माझा. आणि मी काय म्हणतो, फायदे भाजलेले, खारे, आणि तोटे कच्चे. ही पद्धतच चुकीची नाही का?

नीरा : माझं प्रमोशन खाल्लंस तू.

गुणवंत : मूक ने, नीरा, सोड ना. डबा भरलेला आहे, पुन्हा टाकू.

नीरा : लॅब हेडचा दाणा कोणता होता? खाल्लास की वाचला?

गुणवंत : ते कसं सांगू? सगळे सारखेच लागतात.

नीरा : तेच तर. तुला सगळे सारखेच लागतात.

इंदिराबाई : आता बोल. तोंड रिकामं आहे ना?

गुणवंत : खरं सांगू? गरबाबिरबा काही नाही. इथे भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे 'केम छो, सर' करतात. त्यांच्या पोरांना मी पंधरा वर्षं गणित शिकवलंय. तिथे मी कोण?

नीरा : नीराचा नवरा. मी पंधरा वर्षं गुणवंतसरांच्या मिसेस आहेच की. काही होत नाही. थोडा राग येतो, मग जेवायची वेळ होते.

गुणवंत : राग येतो?

नीरा : थोडा म्हटलं ना.

गुणवंत : कधी बोलली नाहीस.

नीरा : कधी विचारलं नाहीस.

गुणवंत : क्लास ऑनलाइनही घेता येतील म्हणा. नाहीतर तिथली पोरं आहेतच. गणिताला कुठली पोरं घाबरत नाहीत?

नीरा : म्हणजे हो?

गुणवंत : भीती वाटतेय मला. पण हो. तुझी सही खाली बघायचीय.

नीरा : आई, तुमचं काय?

इंदिराबाई : माझं काय विचारता? जा तुम्ही खुशाल. मी परवाच बॅग भरून ठेवलीय.

नीरा : कसली बॅग?

इंदिराबाई : मांजलपूरची. तुम्ही निघालात की मला तुझ्या दिराकडे, जयवंताकडेच ठेवणार ना? त्याच्याकडे नीट होईल माझं. फक्त ती दोघं नवरा-बायको दिवसभर बाहेर असतात, एवढंच. म्हणून जरा ते हत्तीचं काढलं. नाहीतर मला काय करायचेत हत्ती?

गुणवंत : आई! तुला ठेवणार असं कोण म्हणालं?

इंदिराबाई : कुणीच नाही. पण या चार दिवसांत 'तूही येणारेस' असंही कुणी म्हणालं नाही.

नीरा : चुकलंच आमचं. मी धरूनच चालले होते. हे बघा, कंपनीचा फॉर्म. मंगळवारीच भरून ठेवलाय. सोबत येणारी माणसं, दोन.

इंदिराबाई : दोन म्हणजे?

नीरा : वाचा ना.

इंदिराबाई : चष्मा दे... माझं नाव गुण्याच्या आधी आहे.

नीरा : हो.

गुणवंत : आई, रडतेस काय?

इंदिराबाई : वय चुकवलंयस गं. एकाहत्तर नाही, बहात्तर. तेवढं नीट कर आणि पाठव, पाच वाजतील.