प्रॉम्प्टरले गप्प बसवणारा खेळ

नाई, मले सांगा भाऊ, याले का खेळ म्हणाव? ना गाडी, ना बंदूक, ना कोणाले मारायचं, ना पाडायचं... मोबाइलात एक पोट्टी पलंगावर पडून आहे अन् आपण तिच्याकडं पाहत बसायचं, झालं!

आता तुमी म्हणान, सावली गावच्या गुणवंतरावले या वयात मोबाइलवर खेळ काऊन सुचला? तं आमची पोरगी रंजीता पुण्यात नोकरीले होती, दिवाळीले घरी आली ते पलंगावरच. खात नाई, बोलत नाई. चंद्रपूरच्या डॉक्टरनं डिप्रेशन सांगितलं, गोळ्या चालू केल्या. अन् मी पडलो झाडीपट्टीतल्या नाटकाचा प्रॉम्प्टर! तुमाले सांगतो, नट जरासा अडला का विंगेतून माहं वाक्य गेलंच समजा. सारी उमर कोणाले गप्प राहू देलं नाई, मंग पोटच्या पोरीले कसा राहू देईन? दारातूनच चालू व्हायचो... "ऊठ बेटा, आंग धू, फिरून ये, लोकायचं दुःख पाह्य जरा." तिनं चादर तोंडावर ओढली. अन् एक दिवस मोबाइल हातात देला, "बाबा, तुमी फक्त हे खेळा."

बसलो बापा खेळत. त्या पोट्टीच्या खाली हिंदीत वाक्यं येतेत, आपण एक निवडायचं. म्या दाबलं, "उठो, नहा लो." ती भिंतीकडं वळली. दाबलं, "दुनिया में इससे बड़े दुख हैं." तिच्या खोलीत अंधारच झाला! सारी वाक्यं माह्याच तोंडातली, अन् दरवेळी मीच हरून राह्यलो. याले का खेळ म्हणाव? चिडलो, मोबाइल मांडीवर ठेवला, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसलो... अन् पाह्यतो तं पोट्टी उठून बसली! काहीच दाबलं नाई तं उठली, अन् आपल्याच मनानं बोलायले लागली.

खोटं नाई सांगत, रंजीतासाठी असं कोणी थांबलंच नोतं. मी तं नाईच नाई.

दुसऱ्या दिवशी जाऊन तिच्या पलंगाच्या कडेले बसलो. गळ्यापर्यंत वाक्यं येतेत, मी गिळून राह्यलो... याले का खेळ म्हणाव भाऊ? लई वेळानं ती म्हणाली, "बाबा, मले कायचंच बरं नाई वाटत जी." म्या फक्त हात धरला. मंग बोलत गेली, रडत गेली, मी ऐकत राह्यलो.

तवापासून रोज तसाच बसतो. पण आमची इंदु! नवरा दिवसभर गप्प, असं तिनं लग्नापासून पाहिलंच नोतं. घाबरली, भावाले फोन लावला. माहा साळा बापूराव मोटरसायकलवर हजर, अन् दारातूनच सुरू, "उठा भाऊजी, आंग धुवा, फिरून या, मन रमवा!"

रंजीता चादरीतून खदखदून हासली. दिवाळीपासून पहिल्यांदा, भाऊ! आता पोरगी हासून राह्यली, तं मधात आपण बोलाव कसं? गप्पच राह्यलो...

तं साळ्यानं मले मोटरसायकलवर मागं बसवलं अन् चंद्रपूरले नेऊन त्याच डॉक्टरपुढं बसवलं जी.